लहान डिस्टिलरीची सिंगल माल्ट व्हिस्की चाखताना आणि तुलना करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उदाहरण म्हणून मुख्यतः स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाऊनची स्प्रिंगबँक घेतली आहे, कारण तिथे एकाच छपराखाली तीन वेगळ्या माल्ट बनतात. जिथे दुसऱ्या डिस्टिलरीची बाटली जास्त उपयोगी पडते, तिथे तसं सांगितलं आहे.

१. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिपातली व्हिस्की का?

नाही. 'सिंगल' म्हणजे एकच डिस्टिलरी आणि 'माल्ट' म्हणजे फक्त मोड आणून वाळवलेली बार्ली. एका बाटलीत अनेक पिपांची, वेगवेगळ्या वयांची व्हिस्की एकत्र केलेली असते. लेबलवर वय लिहिलेलं असेल तर ते त्यातल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचं असतं. एकाच पिपातली असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' असं लिहितात. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करायच्या भांड्यात) गाळलेली, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिपात किमान ३ वर्षं ठेवलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोलची असावी लागते.

२. तुलनेसाठी लहान डिस्टिलरीच का घ्यायची?

मोठ्या ब्रँडची माल्ट वाईट असते असं अजिबात नाही. पण तिथे दरवर्षी तीच चव आली पाहिजे, असं उद्दिष्ट असतं. त्यासाठी शेकडो पिपं मिसळून फरक पुसले जातात. बऱ्याचदा रंगासाठी कॅरॅमल घातलेलं असतं आणि व्हिस्की थंड करून फिल्टरमधून गाळलेली असते. स्प्रिंगबँकसारख्या लहान ठिकाणी रंगही घालत नाहीत आणि थंड करून गाळतही नाहीत. नेहमीच्या बाटल्या ४६ टक्क्यांच्या असतात. म्हणजे काय केल्याने चव कशी बदलली, हे ग्लासात दिसायला जागा राहते. शिकायचं असेल तर ही जागा फार मोलाची आहे.

३. स्प्रिंगबँक, लाँगरो आणि हेझलबर्न एकाच ठिकाणी बनतात, मग इतका फरक कशामुळे?

दोन गोष्टींमुळे: माल्ट कशावर वाळवलं आणि किती वेळा गाळलं.

१८२८ पासूनच्या या डिस्टिलरीत लागणारी सगळी बार्ली तिथेच, जुन्या पद्धतीने जमिनीवर पसरून, फावड्याने उलटून मोडवतात. मग ती भट्टीवर वाळवायची वेळ येते. हेझलबर्नसाठी फक्त गरम हवा वापरतात, पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जळणाचा) धूर अजिबात नाही. स्प्रिंगबँकसाठी सुमारे ६ तास पीटचा धूर आणि त्यानंतर गरम हवा. लाँगरोसाठी सुमारे ४८ तास पीट. धुरातल्या फिनॉलचं माल्टमधलं प्रमाण स्प्रिंगबँकला साधारण १२ ते १५ पीपीएम आणि लाँगरोला ५० ते ५५ पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) येतं. हे आकडे माल्टचे आहेत, बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हेत. गाळताना आणि पिपात मुरताना त्यातला बराच भाग जातो. त्यामुळे नुसत्या पीपीएमवरून दोन डिस्टिलरींचा धूर ताडून बघू नका.

आता गाळणं. लाँगरो दोनदा गाळतात, हेझलबर्न तीनदा आणि स्प्रिंगबँक 'अडीचदा'. हे अडीच असं होतं: पहिल्या स्टिलमधून निघालेल्या कमी ताकदीच्या द्रवाचा साधारण पाचवा भाग बाजूला ठेवतात आणि उरलेला पुन्हा एकदा गाळतात. मग दोन्ही एकत्र करून शेवटच्या स्टिलमध्ये घालतात. म्हणजे काही भाग दोनदा गाळला जातो, बाकीचा तीनदा. जितक्या जास्त वेळा गाळाल तितका द्रव हलका आणि स्वच्छ होतो. कमी वेळा गाळलं तर तेलकटपणा आणि जाडी राहते. लाँगरो जिभेवर जड बसते आणि हेझलबर्न सहज सरकते, त्यामागे हेच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. १० वर्षांची हेझलबर्न बर्बनच्या पिपांतली असते, म्हणजे ज्यांत आधी बर्बन ही मक्याची अमेरिकन व्हिस्की होती अशा; तर १० वर्षांच्या स्प्रिंगबँकमध्ये बर्बन आणि शेरी (स्पेनची जास्त ताकदीची वाइन) अशी दोन्ही प्रकारची पिपं असतात. सुक्या मेव्याची गोडी लागली तर ती अडीच वेळा गाळण्यातून आलेली नाही, शेरीच्या पिपातून आलेली आहे.

४. ग्लास कोणता घ्यावा? घरातला साधा ग्लास चालत नाही का?

रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. खाली फुगीर आणि वर निमुळता असा ग्लास हवा. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा ग्लास सोयीचा, पण लहान वाइन ग्लासही चालतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुलनेतले सगळे ग्लास एकसारखे असावेत. आकार बदलला की वास बदलतो आणि श्रेय उगाच व्हिस्कीला जातं. साबणाचा किंवा कपाटाच्या लाकडाचा वास राहिलाय का, ते रिकाम्या ग्लासात नाक घालून आधी बघा. ग्लास पालथे घालून ठेवले असतील तर हा कोंडलेला वास हमखास सापडतो.

५. किती ओतायची आणि किती वेळ ठेवायची?

प्रत्येक ग्लासात १५ मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा कप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. अंदाजाने ओतलं तर एका ग्लासात १२ आणि दुसऱ्यात २५ जाते, मग वासाची तुलना फसते. ओतल्यावर १० ते १५ मिनिटं ग्लासावर बशी झाकून ठेवा. सुरुवातीचा अल्कोहोलचा झोत ओसरतो आणि ग्लासाच्या पोटात वास जमतो. खोली २० ते २४ अंशांच्या आसपास असावी. मे महिन्यात नागपुरात किंवा पुण्यात पंख्याखाली बसून ही तुलना होत नाही. उकाड्यात अल्कोहोल आधी वर येतं आणि बाकीचं दबतं, पंख्याच्या वाऱ्याने उरलेलंही उडतं. पंखा बंद, एसी मंद, आणि देवघरातली उदबत्ती विझून तासभर झालेला असावा.

तीन ग्लासांचे मिळून ४५ मिली होतात, म्हणजे दीड स्मॉल पेग. एका बैठकीला तेवढं पुरे. चौथ्या ग्लासापासून नाक थकतं आणि मत ढिलं पडतं. घोट थुंकायला वाडगा ठेवण्यात संकोच वाटायचं कारण नाही, व्यवसायाने चाखणारे तेच करतात. गाडी चालवायची असेल तर मात्र थुंकूनही चाखू नका.

६. वास घेताना नाकात झणझणतं. मी काय चुकतोय?

नाक ग्लासात खुपसून जोरात श्वास ओढताय. वाइनला ते चालतं, इथे अल्कोहोल तिपटीहून जास्त आहे. ग्लास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. तोंड किंचित उघडं ठेवा, श्वास छोटे आणि सावकाश घ्या. ग्लास जरा तिरपा करून वरच्या कडेचा वास आणि खालच्या कडेचा वास वेगवेगळा घ्या, बहुधा वरची कड सौम्य आणि फळांची असते. ग्लास गरागरा फिरवू नका. नाक बधिर झालं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, काही सेकंदांत ताळ्यावर येतं.

७. पाणी घालायचं की नाही? घालायचं तर किती?

पहिला वास आणि पहिला घोट नीट, म्हणजे पाण्याशिवाय. त्यानंतर पाणी घालाच. ड्रॉपरने चार-पाच थेंब घालून पुन्हा वास घ्या, असं दोन-तीनदा करा. १५ मिलीला ५ मिलीच्या वर गेलात तर बहुतेक ४६ टक्क्यांच्या माल्ट पातळ लागू लागतात.

तुलनेत मात्र पाण्याचं दुसरं काम आहे: दोन्ही ग्लासांची ताकद सारखी करणं. ५५ टक्क्यांची आणि ४६ टक्क्यांची व्हिस्की शेजारी ठेवली तर जास्त ताकदीची नेहमीच 'भारी' वाटते. हिशोब सोपा आहे. मिली गुणिले आताचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के, आणि आलेल्या उत्तरातून मूळ मिली वजा. २० मिली व्हिस्की ५५.२ टक्क्यांची आहे आणि ती ४६ वर आणायची आहे, तर २० × ५५.२ ÷ ४६ = २४. म्हणजे ४ मिली पाणी. घातल्यावर पाचेक मिनिटं थांबा, लगेच चाखली तर पाणी आणि अल्कोहोल सुटे सुटे लागतात.

पाणी बिनवासाचं आणि कमी क्षारांचं हवं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा किंवा आरओचं घ्या. बोअरचं जड पाणी नको. सगळ्या ग्लासांना एकाच बाटलीतलं पाणी घाला.

८. बर्फ किंवा सोडा?

आवडत असेल तर जरूर, पण तुलना संपल्यावर. थंडीने वास दबतो आणि सोड्याचे बुडबुडे जीभ चाळवतात.

९. कोणती आधी, कोणती नंतर?

धूर नसलेली आधी, धुराची शेवटी. कमी ताकदीची आधी, जास्तीची नंतर. बर्बन पिपाची आधी, शेरीची नंतर. हे नियम आपसांत भांडले तर धुराचा नियम वरचढ ठेवा, कारण पीटचा धूर जिभेवर सगळ्यांत जास्त रेंगाळतो. म्हणून क्रम हेझलबर्न, स्प्रिंगबँक, लाँगरो. एकदा या क्रमाने गेल्यावर थोडं थोडं ठेवून उलट यावं. लाँगरोनंतर चाखलेली स्प्रिंगबँक बिनधुराची वाटते, आणि आपली जीभ किती सापेक्ष आहे ते त्याच घोटात कळतं.

१०. सोबत चकणा काय ठेवावा?

चाखताना काहीच नको. शेव, चकली, शेंगदाणे, मसाला पापड हे सगळं मीठ-तिखट-तेल आहे आणि त्याचा थर जिभेवर बसतो. दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनलोण्याच्या पावाचा मधला मऊ भाग पुरतो. जेवणानंतर निदान दीड तास जाऊ द्या, पण रिकाम्या पोटीही बसू नका. पान, बडीशेप, कॉफी, टूथपेस्ट, अत्तर हे सगळं त्या संध्याकाळपुरतं बाजूला ठेवा. खाण्यासोबतची जोडी हा वेगळा आणि छान विषय आहे, पण त्यात व्हिस्कीची व्हिस्कीशी तुलना होत नाही.

११. लोक नाशपाती, समुद्र, चामडं असं काय काय लिहितात. मला नुसती दारूच लागते!

ते शब्द बहुधा परदेशी स्वयंपाकघरातले असतात, म्हणून सापडत नाहीत. स्वतःचे शब्द वापरा. आधी मोठे कप्पे करा: फळ, धान्य, गोड, लाकूड-मसाला, धूर, समुद्र-तेल. फळ वाटलं तर विचारा, ताजं की सुकं? ताजं असेल तर पेरू की पिकलं केळं? सुकं असेल तर खारीक, बेदाणे की अंजीर? गोड असेल तर काकवी, मध की जळू लागलेली साखर? १० वर्षांच्या स्प्रिंगबँकमध्ये धान्याचा भाजका वास, मिठाची झाक आणि अगदी मागे धूर शोधा. शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट वासही तिथे मिळतो, तो दोष नाही, तो तिथला स्वभाव आहे.

घरातल्या चार-पाच वस्तू वाट्यांत ठेवून (खारीक, भाजलेला रवा, लवंग, विझलेला कोळसा) आधी त्यांचा वास घ्या आणि मग ग्लासाकडे वळा. वही जवळ ठेवा आणि चाखतानाच लिहा. एकट्या ग्लासापेक्षा दोन ग्लास शेजारी असले की शब्द लवकर सुचतात, कारण 'हे काय आहे' यापेक्षा 'यात त्याच्याहून जास्त काय आहे' हा प्रश्न नाकाला सोपा जातो.

१२. स्प्रिंगबँक इथे मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. भारतात काय घ्यावं?

गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन. डिस्टिलरी स्प्रिंगबँकइतकी लहान नाही, पण धुराचा परिणाम समजून घ्यायला तिच्या तीन बाटल्या कॅम्पबेलटाऊनच्या तिघींपेक्षाही सरस आहेत. ब्रिलियन्समध्ये पीट नाही, एडिटेडमध्ये थोडं आहे आणि बोल्ड पूर्ण पीटची आहे. तिन्ही ४६ टक्क्यांच्या, तिन्ही बर्बनच्या पिपांतल्या. म्हणजे प्रश्न ३ मधली पिपांची अडचण इथे येत नाही. ताकदीचा परिणाम बघायचा तर ब्रिलियन्सशेजारी ५५.२ टक्क्यांची क्लासिक सिलेक्ट कास्क ठेवा. तीही बिनपीटची आहे. आधी पाण्याशिवाय, मग प्रश्न ७ मधल्या हिशोबाने ४६ वर आणून. सारख्या ताकदीवर आणल्यावरही जो फरक उरतो, तो पिपं निवडणाऱ्याच्या हातचा.

नियमांचं एवढं लक्षात ठेवा: महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून परवान्याशिवाय गाडीत घालून महाराष्ट्रात आणली तर तो गुन्हा आहे. परदेशातून येताना विमानतळावर माणशी २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. स्प्रिंगबँक आणायची ती अशीच, लंडन-दुबईच्या नातेवाइकांच्या बॅगेतून.

१३. गोव्याच्या माल्टवर वय का लिहीत नाहीत? कोवळी असते म्हणून का?

वर्षांनी कोवळी, पण पिपाच्या दृष्टीने नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिपातून वर्षाला साधारण २ टक्के द्रव उडतो, गोव्याच्या उकाड्यात सुमारे ८ टक्के. लाकडातला रस तितक्याच वेगाने व्हिस्कीत उतरतो. गोव्यात १२ वर्षं ठेवायची म्हटली तर पिपात निम्म्याहून कमी उरेल आणि चव लाकडाने भरून जाईल. म्हणून स्कॉच आणि भारतीय माल्ट यांची तुलना वयावरून करूच नका.

१४. १० वर्षांची आणि १५ वर्षांची स्प्रिंगबँक शेजारी ठेवली तर वयाचा फरक कळेल ना?

कळेल तो फरक वयाचाच आहे, असं म्हणता येणार नाही. १५ वर्षांचीमध्ये शेरीच्या पिपांचा वाटा फार मोठा असतो. रंग गडद झाला, बेदाणे आणि कोको लागू लागला, की लोक म्हणतात, 'बघा, पाच वर्षांत केवढी मुरली!' त्यातलं बरंचसं श्रेय शेरीचं असतं. लेबलवर वयाचा आकडा मोठा छापतात आणि पिपांची माहिती बारीक अक्षरांत, त्यामुळे ही फसगत फार होते.

पिपाचा परिणाम सुटा बघायचा असेल तर स्कॉटलंडमधल्या आयला (Islay) बेटावरच्या किलकोमनच्या दोन बाटल्या घ्या. २००५ मध्ये शेतावर उभी राहिलेली ही छोटी डिस्टिलरी. माकिर बेमध्ये बहुतांश बर्बनची पिपं, सॅनेगमध्ये बहुतांश ओलोरोसो शेरीची. दोन्ही जोरदार पीटच्या, दोन्ही ४६ टक्क्यांच्या. वयाचा परिणाम सुटा बघणं मात्र घरच्या घरी कठीण आहे. एकाच जातीच्या पिपातल्या, सारख्या ताकदीच्या, वेगळ्या वयाच्या दोन बाटल्या मिळतीलच असं नाही. मिळाल्याशिवाय वयाबद्दल ठाम मत करू नये.

१५. मला खरंच फरक कळतोय की लेबल वाचून वाटतंय? कसं तपासू?

तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोन ग्लासांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही ओळखायचं ते एवढंच, की वेगळा ग्लास कोणता. ओतणारा माणूस दुसरा हवा आणि ग्लासांच्या तळाशी चिकटवलेल्या आकड्यांची यादी त्याच्याकडेच राहावी. वेगळा ग्लास कधी डावीकडे, कधी मध्ये, कधी उजवीकडे, आणि कधी पहिली व्हिस्की दोन ग्लासांत तर कधी दुसरी, असं त्याने बदलत राहावं. ग्लासांना बाहेरून फॉइल गुंडाळा, कारण रंग सगळी चुगली करतो. ताकद प्रश्न ७ प्रमाणे सारखी करून घ्या.

एकदा बरोबर आलं तर त्याला अर्थ नाही, नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं. सहा फेऱ्या करा. सहापैकी निदान चार बरोबर येणं अंदाजानेही साधारण १० टक्के वेळा घडतं. पाच किंवा सहा बरोबर आले तर ती शक्यता २ टक्क्यांच्याही खाली जाते, मग खुशाल म्हणा की फरक कळतो. प्रत्येक ग्लासात ५ मिली पुरे. तरीही सहा फेऱ्यांचे ९० मिली होतात, म्हणून तीन फेऱ्या आज आणि तीन उद्या, शक्यतो थुंकून. अनेकांना हेझलबर्न आणि लाँगरो सहज ओळखता येतात, पण एकाच माल्टच्या दोन बॅचमध्ये दांडी उडते. त्यात कमीपणा नाही. आपल्या नाकाची हद्द कळली की नोंदी जास्त प्रामाणिक होतात.

१६. पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली. भेसळ आहे का?

उलट, चांगली खूण आहे. व्हिस्कीत तेलकट एस्टर (वास-चव देणारी संयुगं) विरघळलेले असतात. अल्कोहोल साधारण ४६ टक्क्यांच्या खाली गेलं किंवा तापमान उतरलं की ते सुटून धुकं दिसतं. थंड करून फिल्टरमधून गाळलेल्या व्हिस्कीतून हेच काढून टाकलेलं असतं. बाटली उघडण्याआधीपासूनच गढूळ असेल आणि तळाशी काळे कण असतील तर तो पिपाचा कोळसा असू शकतो, कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या. सील सैल असेल किंवा पातळी मानेच्या खाली असेल, तर मात्र दुकानदाराला परत करा.

१७. काडेपेटीचा, रबराचा वास येतोय. बाटली खराब झाली का?

हा गंधकाचा वास. तो शेरीच्या पिपातून येतो, कारण पिपं वाहतुकीत टिकावीत म्हणून त्यांत गंधक जाळण्याची पद्धत आहे. नाहीतर गाळताना तांब्याशी संपर्क कमी झाल्याने येतो. काहींना थोडासा आवडतो, काहींना एक थेंबही सोसत नाही. ही जाण माणसागणिक खरोखरच वेगळी असते, त्यावर वाद घालू नये.

तपासायला सोपी युक्ती: पूजेची तांब्याची पळी चिंचेने लख्ख घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडी करा. १५ मिलीच्या दोन नमुन्यांपैकी एकात ती १० मिनिटं बुडवून ठेवा आणि मग दोन्ही ग्लासांचा वास ताडून बघा. पळीच्या ग्लासातला वास निवळला तर तो गंधकच होता. तो नमुना वासापुरताच, पिऊ नका. निवळला नाही तर तो पीट असू शकतो किंवा तांब्याला दाद न देणारं गंधकाचं संयुग. अशी बाटली अर्धा पेग काढून महिनाभर उभी ठेवा. हवा लागून बऱ्याचदा फरक पडतो.

१८. त्याच नावाची नवी बाटली आणली, चव वेगळी लागली. नाक बदललं की व्हिस्की?

दोन्ही शक्य आहे. लहान डिस्टिलरीत एका बॅचमध्ये पिपं कमी असतात, त्यामुळे बॅचगणिक फरक पडतोच. म्हणून नोंदवहीत नावाबरोबर काचेवर छापलेला बॉटलिंगचा कोडही उतरवा. जुन्या बाटलीतली थोडी शिल्लक असेल तर प्रश्न १५ ची परीक्षा घ्या. पण महिनोन्‌महिने अर्धी पडून राहिलेली बाटली आणि नुकती उघडलेली बाटली यांची तुलना न्याय्य नाही. यावर उपाय म्हणजे नवी बाटली उघडताच त्यातली ५० मिली काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बंद करून, कोड आणि तारीख लिहून ठेवणं. पुढची बाटली आली की तुलनेला ताजा नमुना हाताशी असतो.

१९. उघडलेली बाटली किती टिकते?

पाऊण भरलेली असेल तर वर्षभर निर्धास्त. एक तृतीयांश उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत काढा. बाटली उभीच ठेवायची, वाइनसारखी आडवी नाही, नाहीतर अल्कोहोल बूच खातं. खिडकी आणि स्वयंपाकघर टाळा, लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. कोकणात दमट हवेने लेबलवर बुरशी येते, बाटली कागदी डब्यातून काढून कोरड्या कापडात गुंडाळा. बूच तुटलं तर मोठा तुकडा कॉर्कस्क्रूने काढा, चुरा चहाच्या बारीक गाळणीने गाळा आणि दुसऱ्या रिकाम्या माल्टच्या बाटलीचं बूच लावा. त्यासाठी रिकाम्या बाटल्यांची दोन-तीन बुचं धुऊन, वाळवून जपून ठेवावीत. बिनपीटच्या बाटलीला लाँगरोचं बूच मात्र लावू नका, त्याचा धूर आत उतरतो.